कच्चे मडके

बाजारात मडके घ्यायला गेलेली बाई नुसत्या डोळ्यांनी पाहून ते घेत नाही. एका हातावर तोलते, दुसऱ्या हाताने त्याच्या पोटावर टिचकी मारते, आणि कान देते. खणखणीत वाजले तर मडके पक्के. भद्द असा आवाज आला, की ते मुकाट्याने खाली ठेवते आणि दुसरे उचलते. कुंभाराच्या भट्टीत सगळ्याच मडक्यांना सारखी आच लागते असे नाही. कडेला राहिलेले एखादे अर्धवट भाजते. वरून रंग लाल दिसतो, आकारही सुबक असतो. पण त्यात पाणी भरून ठेवा, मग खरे काय ते कळते.

श्रोतेहो, ही परीक्षा आपल्या संतांच्या कथेत एकदा माणसांच्या डोक्यांवर झालेली आहे. नम्रतेविषयी आज जे बोलायचे आहे ते त्या कथेच्या आधाराने बोलू. नम्रता असली म्हणजे देव वाट दाखवतो, असे आपण लहानपणापासून कीर्तनात ऐकतो. पण नम्रता म्हणजे नक्की काय, ती कुणापुढे दाखवायची, आणि देव वाट दाखवतो तो कुणाच्या तोंडून, हे प्रश्न आपण फारसे विचारत नाही.

ठिकाण तेर, आजच्या धाराशिव जिल्ह्यातले. घर गोरोबा कुंभारांचे. काळ तेराव्या शतकाच्या अखेरचा. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई, नामदेव आणि आणखी संतमंडळी गोरोबांकडे जमली होती. गोरोबा वयाने सर्वांत वडील, म्हणून सगळे त्यांना काका म्हणत. मुक्ताबाई सर्वांत धाकटी. विशीही न गाठलेली मुलगी. अंगणात थापटणे पडले होते. ओल्या मडक्याला आतून दगडी गोळ्याचा आधार देऊन बाहेरून ज्या लाकडी फळीने कुंभार ठोकत जातो, ते हे थापटणे. मुक्ताबाईने विचारले, "काका, हे काय?" काका म्हणाले, "याने मडकी थापटतात, कच्चं-पक्कंही कळतं." मुक्ताबाई म्हणाली, "मग इथं बसलेल्या मडक्यांत कोणतं कच्चं आहे ते तरी सांगा!"

गोरोबांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकत चालले. सगळे शांत बसले. नामदेवांची पाळी आली तेव्हा मात्र ते उसळले. ही काय चेष्टा मांडली आहे, म्हणाले. गोरोबांनी निकाल दिला: सगळी मडकी पक्की, एवढे एक कच्चे.

आता हे नामदेव कोण होते? परंपरा सांगते, की पंढरीचा विठ्ठल ज्यांच्याशी बोलत असे, ज्यांच्या हातचा नैवेद्य खात असे, ते हे नामदेव. त्यांना पैशाचा गर्व नव्हता, विद्येचा नव्हता, जातीचाही नव्हता. ते शिंप्याच्या घरचे. त्यांना एकच गोष्ट आतून सुखावीत होती, ती म्हणजे आपण देवाचे लाडके आहोत. गर्वाचा हा प्रकार ओळखायला फार अवघड, कारण तो भक्तीचेच कपडे घालून येतो. रोज पहाटे उठून पूजा करणाऱ्या माणसाला न करणाऱ्या शेजाऱ्याविषयी जे वाटते, ते याच घरातले.

नामदेव रडत पंढरपूरला गेले. आपला पाठीराखा आपली बाजू घेईल असे त्यांना वाटले असणार. पण विठ्ठलाने गोरोबांचाच निकाल कायम केला. तुला गुरू नाही, म्हणाला. औंढ्या नागनाथाला विसोबा खेचर आहे, त्याच्याकडे जा.

इथे थोडे थांबावेसे वाटते. देव समोर उभा आहे, बोलतो आहे. जे शिकवायचे ते त्याने स्वतःच का नाही शिकवले? एका माणसाकडे कशाला पाठवले? मला यात या कथेचे सारे मर्म दिसते. देवापुढे वाकणे नामदेवांना सोपे होते. ते कुणालाही सोपे असते. देवळात दंडवत घालताना आपले काही जात नाही. उलट लोक म्हणतात, काय भाविक माणूस आहे! कठीण आहे ते माणसापुढे वाकणे, आणि तेही ज्याच्याकडून आपल्याला मान मिळणार नाही अशा माणसापुढे.

तो माणूस तरी कसा भेटला? नामदेव औंढ्याच्या देवळात शिरले तो विसोबा शिवलिंगावर पाय टाकून आडवे पडलेले. नामदेव म्हणाले, "अहो, पाय काढा. देवावर पाय ठेवता?" विसोबा म्हणाले, "बाबा, मी म्हातारा झालो. जिथं देव नसेल तिथं तूच माझे पाय उचलून ठेव." नामदेवांनी पाय उचलून बाजूला ठेवले, तिथे लिंग दिसले. आणखी सरकवले, तिथेही लिंग. पाय ठेवायला देव नसलेली जागा काही सापडेना. इतके दिवस पंढरीच्या विटेवर दिसणारा देव त्या दिवशी नामदेवांना सगळीकडे दिसला.

या प्रसंगात एक बारकी गोष्ट आहे, ती शिक्षक बंधुभगिनींनी विशेष ध्यानात घ्यावी. नामदेव गप्प बसले नाहीत. जे चूक वाटले त्याला त्यांनी हरकत घेतली. आणि विसोबांनीही, माझ्यापुढे तोंड वर करून बोलतोस काय, असे म्हटले नाही. करून पाहा, म्हणाले. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवण्याची तीन साधने सांगितली आहेत: प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. आपल्याकडे प्रणिपाताचे फार कौतुक झाले, सेवेचेही बरेच झाले. मधला परिप्रश्न मात्र कुठे हरवला कोण जाणे! खोदून खोदून विचारणे हा नम्रतेचाच भाग आहे; ज्याला सगळे कळले आहे तो कशाला विचारील? वर्गात "गुरुजी, हे नाही पटलं," असे म्हणणारा मुलगा पुष्कळदा मान डोलावणाऱ्या मुलापेक्षा नम्र असतो.

अर्जुनाचेच पाहा ना. गीतेच्या पहिल्या अध्यायात तोच बोलतो आहे. आपले शहाणपण, कुळाचा नाश, पापपुण्य सगळे सांगतो आहे. त्या सबंध अध्यायात श्रीकृष्णाच्या वाट्याला एकच लहानसे वाक्य येते. दुसऱ्या अध्यायात अर्जुन म्हणतो, मला धर्म कोणता ते समजेनासे झाले आहे, मी तुझा शिष्य आहे, मला शिकव. त्यानंतरच उपदेशाला सुरुवात होते. पण शिष्य झाल्यावर अर्जुनाने तोंड बंद केले का? मुळीच नाही. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी तो तक्रार करतो, की तुझ्या बोलण्याने माझा गोंधळ होतो. सहाव्यात म्हणतो, हे मन वाऱ्यासारखे आहे, ते आवरायचे कसे? आणि अठराव्या अध्यायात, सगळे सांगून झाल्यावर, भगवंत त्याला म्हणतात, याचा नीट विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. साक्षात देवाने वाट दाखवली, तरी चालायचे कसे याचा विचार माणसावर सोपवला आहे.

आता पुन्हा मुक्ताबाईकडे येऊ. औंढ्याचे जे विसोबा नामदेवांचे गुरू झाले, ते स्वतः पूर्वी कसे होते? कथा सांगते, की आळंदीला या पोरक्या भावंडांना छळणाऱ्यांत ते पुढे होते. संन्याशाची पोरे म्हणून गावाने वाळीत टाकलेली ही मुले. एकदा निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले. मांडे भाजायला खापर हवे म्हणून मुक्ताबाई कुंभारवाड्यात गेली, तर तिला कुणी खापर देऊ नये अशी विसोबांनी तजवीज केली. मग ज्ञानदेवांनी योगबळाने आपली पाठ तापवली आणि बहिणीने तिच्यावर मांडे भाजले. आडून पाहणाऱ्या विसोबांचा ताठा तिथेच गळाला, आणि ज्यांना पाण्यात पाहिले त्यांच्याच पानातले उष्टे त्यांनी तोंडात घातले. आधी एका मुलीला मडक्याचे खापर नाकारणारा माणूस, आणि त्याच मुलीने कच्चे मडके म्हणून उघडे पाडलेल्या नामदेवाला तोच माणूस पक्के करतो! यात इतिहास किती आणि श्रद्धा किती, तो वाद विद्वानांनी घालावा. ज्या लोकांनी सातशे वर्षे ही कथा सांगितली त्यांना काय सांगायचे होते, ते स्पष्ट आहे.

चांगदेवांची कथा तर शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. तापीकाठचे मोठे योगी. चौदाशे वर्षे जगले असे म्हणतात. ज्ञानदेवांची कीर्ती कानावर आली म्हणून पत्र लिहायला बसले आणि मायन्यापाशीच अडले. वयाने लहान म्हणून चिरंजीव लिहावे, तर ज्ञानाने मोठे. तीर्थरूप लिहावे, तर वयाने नातवंडांहून लहान. शेवटी कोराच कागद पाठवला. मुक्ताबाई तो पाहून म्हणाली, एवढी वर्षे जगून हा कोरा तो कोराच राहिला. आपण या ठिकाणी हसतो. मला मात्र चांगदेवांचा तो कोरा कागद फार प्रामाणिक वाटतो. कसेतरी करून मायना ठोकून द्यायला त्यांना कुणाची आडकाठी होती? त्यांनी खोटे लिहिले नाही. जागा रिकामी ठेवली. त्या रिकाम्या कागदाला उत्तर म्हणून ज्ञानदेवांच्या पासष्ट ओव्या आल्या. तीच चांगदेव पासष्टी. पुढे चांगदेव वाघावर बसून आले, भिंत चालली, तो सगळा थाट कीर्तनात रंगतो. पण शेवट काय, तर त्या चौदाशे वर्षांच्या योग्याने मुक्ताबाईला गुरू केले.

आणि खुद्द ज्ञानदेव? ज्यांनी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली, त्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे येतात आणि त्यांतले पहिलेच लक्षण अमानित्व, म्हणजे मानाची हाव नसणे, हे ज्यांनी विस्ताराने समजावले, त्यांनाही एकदा लोकांचे बोलणे जिव्हारी लागले. झोपडीची ताटी लावून ते आत बसले. बाहेर उभी राहून त्यांना समजावणारी मुक्ताबाईच. धाकट्या बहिणीचे ते बोलणे ताटीचे अभंग म्हणून वारकरी आजही म्हणतात. ज्ञानदेवांनी ताटी उघडली, यातच सगळे आले.

आपल्याकडे म्हण आहे, लहान तोंडी मोठा घास. ती आपण पोराबाळांना, सुनांना, गड्यांना गप्प करायला वापरतो. औताच्या बैलाचा पाय दुखतो आहे हे हाकणाऱ्या पोराला आधी कळते. घरात धान्य किती दिवस पुरेल ते सुनेला ठाऊक असते. फळ्यावरचे गणित चुकले आहे हे पुष्कळदा मागच्या बाकावरच्या मुलीला दिसते. ती बोलत नाहीत, कारण म्हण त्यांना पाठ आहे. या चारही कथांत वाट दाखवणारा आवाज लहान तोंडातूनच आलेला आहे. ज्याचे कान फक्त वरच्या बाजूला, म्हणजे मोठ्या लोकांकडे आणि आकाशाकडे लागलेले असतात, त्याला तो ऐकू येत नाही.

पण मग कुणीही उठावे आणि मला देवाचा सांगावा आला म्हणावे, असे झाले तर? होतेच आहे. अंगात येते, कौल लागतो, बाबा सांगतात, अमक्याने करणी केली, तमक्याला बाहेर काढा. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला, तो उगीच नव्हे. खरा सांगावा आणि खोटा सांगावा ओळखायचा कसा? मला एक साधी खूण वाटते. तो सांगावा ओझे कुणाच्या डोक्यावर ठेवतो ते पाहावे. १९३३ च्या एप्रिलअखेर, पुण्याच्या येरवडा तुरुंगात असताना, गांधीजींनी एकवीस दिवसांच्या उपासाची घोषणा केली. अस्पृश्यतानिवारणाच्या कामात स्वतःची आणि सहकाऱ्यांची शुद्धी व्हावी म्हणून तो उपास होता, आणि तो करावा असा आपल्याला आतून स्पष्ट आवाज आला, असे त्यांनी पुढे 'हरिजन' पत्रात लिहिले. त्यांनी हेही लिहिले, की तो भ्रम नव्हता हे सिद्ध करायला आपल्याकडे पुरावा नाही. ८ मेला उपास सुरू झाला, त्याच दिवशी त्यांची सुटका झाली, आणि २९ मेला पर्णकुटीत तो पुरा झाला. त्या आवाजाने बोकड मागितला नाही, शेजाऱ्याला शिक्षा मागितली नाही. ज्याला ऐकू आला त्याच्याच पोटाला चिमटा घेतला.

याहूनही एक अडचणीची गोष्ट आहे, ती टाळून चालणार नाही. नम्र व्हा, असे कुणी कुणाला सांगावे? चोखोबांना कुणी सांगायचे, की बाबा रे, नम्र हो? त्यांना देवळाची पायरी चढू दिली नव्हती. त्यांच्या घरातल्या सगळ्यांनी, म्हणजे सोयराबाईने, निर्मळेने, बंक्याने, मुलगा कर्ममेळ्याने अभंग रचले. आणि कर्ममेळ्याने तर देवालाच जाब विचारला. त्याला उद्धट म्हणायचे काय? ज्याला जबरदस्तीने वाकवले आहे त्याला वाकायला शिकवणे म्हणजे नम्रतेची विटंबना. नम्रता उंचावर बसलेल्याने शिकायची असते. वारीत एकमेकांच्या पाया पडतात, त्यातला गोडवा 'एकमेकांच्या' या शब्दात आहे. एकच बाजू सदा वाकत राहिली तर ती वारी नव्हे, वेठ होय.

साने गुरुजींचे उदाहरण इथे आठवते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवर प्रवचने झाली. ती उतरून घेतली साने गुरुजींनी. एम. ए. झालेला, अमळनेरच्या शाळेत मुलांना जीव लावलेला हा शिक्षक, आपल्याहून चारच वर्षांनी मोठ्या माणसाची लेखणी होऊन बसला. गीता-प्रवचने हे पुस्तक आपल्या हाती आले ते त्या बसण्यामुळे. इतका मऊ माणूस. पण त्याच माणसाने १९४७ साली, १ मे ते १० मे, पंढरपूरला उपास मांडला: विठ्ठलाचे देऊळ हरिजनांना उघडा, नाहीतर मी प्राण देईन. देऊळ उघडले. दुसऱ्याचे शब्द उतरून घेताना वाकलेली मान अन्यायापुढे वाकली नाही.

ज्या महाद्वारातून ते लोक आत गेले, तिथे पहिली पायरी नामदेवांची आहे. देवळात जाणाऱ्यांची पायधूळ लागावी म्हणून त्यांनी ती जागा मागून घेतली असे म्हणतात. नामदेव त्याआधी पार पंजाबपर्यंत जाऊन आले होते. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदे आहेत. पायरीच्या समोरच चोखोबांची समाधी आहे. तीही नामदेवांनीच बांधवली.

ती हकीकत अशी. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालले होते. भिंत कोसळली आणि वेठीला लावलेले मजूर ढिगाऱ्याखाली गाडले गेले, त्यांत चोखोबा होते. निरोप कळल्यावर नामदेव आले. तोपर्यंत दिवस लोटले होते. हाडे कुणाची ते ओळखणार कसे? तेरला ज्यांच्या डोक्यावर थापटणे वाजले होते, ते नामदेव आता साठी उलटून गेलेले, त्या मातीत गुडघे टेकून बसले आणि एकेक हाड उचलून कानाशी धरू लागले. ज्या हाडातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आले ते चोखोबांचे म्हणून पदरात घेतले, बाकीची परत हळूच खाली ठेवली.